मधला धुरा: एका खेळाच्या जगाच्या नोंदी

२८ जून २०२५, शनिवार

आजपासून वही. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी गोष्ट रचत जायचा खेळ. त्यातल्या मागच्या कॅम्पेनचं, म्हणजे बऱ्याच बैठका चाललेल्या एका गोष्टीचं, सगळं फोनमध्ये लिहिलं होतं, फोन बदलला आणि निम्मं गेलं. या वेळी दोनशे पानी वही, पेन्सिल, आणि प्रत्येक नोंदीवर तारीख.

पहिलं सेशन १४ सप्टेंबरला, रविवारी दुपारी, आमच्या घरी. तोवर गणपती आणि महालक्ष्म्या आटोपलेल्या असतील. म्हणजे हातात अकरा आठवडे. खेळाडू चार: वहिनी (नर्स आहेत, ड्यूटी बघून तारीख ठरवावी लागते), अकरावीतला भाचा, बँकेतली मैत्रीण आणि माझ्याच ऑफिसात ड्रॉइंग करणारा मित्र. डीएम, म्हणजे जग रचून गोष्ट चालवणारी, मी.

नियमांचा प्रश्न सुटलेला आहे. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत. श्रेय द्यायचं आणि त्यावर आपलं काय हवं ते रचायचं. जग मात्र पहिल्या दगडापासून आपलं हवंय. आजवरच्या तिन्ही कॅम्पेनमध्ये बर्फाचे डोंगर होते. भाच्यानं एकदा विचारलं, "मावशी, या बर्फात पाय किती रुततो?" मला सांगता आलं नाही. बर्फ मी पाहिलेलाच नाही. पण जुलैच्या झडीत काळ्या मातीत पाय किती रुततो, हे मी झोपेतही सांगेन.

२९ जून

पहिला नकाशा. मधोमध एक खांब काढला, आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या वाळूच्या दगडाच्या खांबासारखा. तिथले घोडे नाही काढले. जगातली सगळी अंतरं या खांबापासून मोजायची, सगळे रस्ते तिथून निघणार, सगळ्यात मोठं शहर तिथे.

बाबा चष्मा लावून बघायला आले. आयुष्य जमीन मोजण्यात गेलं, नकाशा दिसला की राहवत नाही. "हे कशासाठी?" म्हणाले. मी सांगितलं, या खेळाची पहिली छापील पेटी १९७४ साली अमेरिकेत निघाली. त्याआधी लोक टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायचे, पट्टीनं अंतर मोजून. त्यातूनच हा खेळ आला. मोजमाप ऐकून बाबांना बरं वाटलं. मग म्हणाले, "खांब ठीक आहे. पण भांडणं कधी खांबापाशी होत नाहीत. भांडणं धुऱ्यावर होतात."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वहीत लिहून ठेवते. अजून याचं काय करायचं ते माहीत नाही.

५ जुलै

दोन दिवस झड लागली आहे. घराबाहेर पाऊल नाही, त्यामुळे भूगोल पुढे सरकला.

नकाशा षटकोनांचा. एक षटकोन तीन कोसांचा, म्हणजे साधारण सहा मैल. सकाळी निघालं तर न्याहारी पचायच्या आत पार. एसआरडीच्या हिशेबानं साध्या चालीनं दिवसाला चोवीस मैल होतात, म्हणजे चार षटकोन. हे आकडे बसले. आता जमीन. नागपूर दोन प्रकारच्या जमिनींच्या सांध्यावर आहे: पश्चिमेला बसाल्ट आणि त्यावरची काळी कपाशीची माती, पूर्वेला जुना, कठीण खडक, भात आणि तलाव. जगही तसंच दुभंगलेलं ठेवलं. पश्चिम भाग काळवट, पूर्व भाग तळवट.

काळवटात पावसाळ्यात चाल निम्मी. ही माती पाणी पिऊन फुगते, चपलेला चिकटत चिकटत वाढते, दहा पावलांत पायाला शेरभर वजन. पांदणीत बैलगाडी फसली की पाऊस उघडेपर्यंत तिथेच. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, हात घातला तर कोपरापर्यंत आत. म्हणून उन्हाळ्यातल्या काळवटात रात्री धावणाऱ्याला दर तासाला एक डेक्स्टॅरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईनं सावरण्याचा फासा. चुकला तर पाय मुरगळला.

तळवटाचा आधार आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, मालगुजार जमीनदारांच्या काळातले. गावानं पाळ बांधायची, गावानं सांडवा राखायचा, वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि मग गाळ कुणी काढायचा हा प्रश्न उरला. माझ्या जगात तलावाचा मालक मेलेला आहे आणि गाळ वाढतोय. तळवटातल्या प्रत्येक गावासाठी एकच आकडा लिहिते आहे: तलावात किती हात पाणी उरलं.

१३ जुलै

नावं. आधीची सगळी खोडली, जिभेवर बसत नव्हती. आपल्याकडची खेडी झाडांवरून नाव घेतात: चिचोली, बोरखेडी, मोहगाव, उमरी. तोच नियम ठेवला, फक्त झाडं माझी. रातमोह म्हणून एक झाड केलं. मोहाची फुलं पहाटेच्या अंधारात गळतात, याची मध्यरात्री गळतात आणि पडताना उजेड देतात. त्यावरून गाव रातमोही. लोखंडी सालीचं झाड लोहपळस, त्यावरून लोहपळसी. एकूण बावीस नावं झाली. मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवली. तिनं एकदाही "पुन्हा सांग" म्हटलं नाही, म्हणजे पास.

२० जुलै

आज सापडलं. तीन आठवडे भूगोल चालला होता, पण या जगात घडतं काय ते नव्हतं.

वहिनी जेवायला होत्या. पोळ्याचा विषय निघाला आणि मला आजीचं गाव आठवलं. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आजी त्या उचलायची, आम्ही पोरं तिच्या मागे, सगळं गाव ओरडत निघायचं: "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" शिवेपाशी फांद्या फेकायच्या आणि मागे वळून न बघता घरी यायचं. मी एकदा वळले होते. फांद्यांचा ढीग होता, दुसरं काही नव्हतं. आजी रागावली. रात्रभर मी एकाच विचारात: ती पीडा आता कुठे गेली? पलीकडच्या गावानं त्यांची पीडा आपल्याकडे फेकली असेल तर?

हेच जग. इथे पीडा खरोखर हाकलता येते. दरवर्षी एका दिवशी प्रत्येक गाव आपला ताप, खोकला, दुष्काळ, भांडण, महागाई शिवेबाहेर घालतं, आणि ते तिथेच राहतं. दोन गावांच्या शिवांमध्ये जी कुणाचीच नसलेली जमीन उरते, तिचं नाव मधला धुरा. तिथे शंभर वर्षांच्या हाकललेल्या गोष्टी साठल्या आहेत. चाळीस वर्षांपूर्वीची महागाई अजून तराजू घेऊन फिरते आहे. कुणाचा तरी खोकला रात्री ऐकू येतो.

शहरातली मिरवणूकही यात येते. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवले जाणारे बाईचे मोठे पुतळे, १८८० च्या दशकापासून निघते आहे, आणि तिच्यासोबतचे बडगे, तेही पुतळेच, दरवर्षी नवे: जी गोष्ट त्या वर्षी लोकांना छळते तिचा बडग्या. माझ्या जगातल्या शहरात बडगे बनवणाऱ्यांची पेठ असेल. कोणत्या गोष्टीला पीडा म्हणायचं हे तेच ठरवतात. केवढी मोठी सत्ता आहे ही! रात्री एक वाजला, झोप नाही.

२७ जुलै

पाऊस उघडला म्हणून बाबा, भाचा आणि मी काटोल रस्त्यानं जुनापाणीला गेलो. माळावर तीनशेच्या आसपास दगडी वर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं इथे खोदकाम केलं. विदर्भातल्या अशा वर्तुळांतून लोखंडाची हत्यारं आणि घोड्यांचे साजही निघाले आहेत.

एका दगडापाशी बराच वेळ बसले. काळा, माझ्या गुडघ्याएवढा, वरच्या अंगाला लहान वाट्यांसारखे खळगे, ओळीत. कालच्या पावसाचं पाणी प्रत्येक खळग्यात साचलेलं. करंगळीचं पेर बुडेल इतकंच. एका खळग्यात गवताची काडी तरंगत होती आणि तिच्यावर एक मुंगी या टोकाकडून त्या टोकाकडे जात होती, परत येत होती. मी काडी दगडाला टेकवली. मुंगी उतरली.

बाबांनी पावलांनी एका वर्तुळाचा व्यास मोजला. मग म्हणाले, "गंमत बघ. गोल आखला की आत कोण आणि बाहेर कोण हे तुझ्यावर. मेलेल्यांना यांनी आत ठेवलं."

मधल्या धुऱ्यात अशी वर्तुळं ठेवणार. वर्तुळात उभी राहिली की पीडा बोलू शकते. कोणत्या गावची, कोणत्या वर्षी हाकललेली, तेव्हा तिचं नाव काय होतं, सगळं सांगते.

३ ऑगस्ट

नियम. प्रत्येक पीडेला एक भार. वर्षातून एकदा दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे. बेरीज भाराएवढी किंवा कमी आली तर पीडा गावात परतते. वीस बाजूंचा फासा इथे चालत नाही, कारण त्यावर भार एकनं वाढला की धोका दर वेळी सारखाच, पाच टक्क्यांनी वाढतो. दोन फाशांत तसं होत नाही. भार ४ असेल तर छत्तीसपैकी सहा शक्यता, म्हणजे सहात एक. भार ५ ला दहा, ६ ला पंधरा, ७ ला एकवीस. ७ ला निम्म्याच्या वर गेलं. बराच काळ काही वाटत नाही आणि मग एकाएकी अंगावर येतं. गावात गोष्टी अशाच बिघडतात.

९ ऑगस्ट, राखी

भाचा आलेला. त्याला बसवून पाच गावं आणि दहा वर्षं खेळवली, फक्त फासे आणि आखीव कागद. तो प्रत्येक गावाचा सरपंच. सहाव्या वर्षी मधला धुरा भरून गेला, एकही षटकोन रिकामा नाही. आठव्या वर्षी तीन गावं बुडाली. "मावशी, फेकण्याशिवाय दुसरं काही करताच येत नाही का यांना?" असं विचारलं त्यानं. नियमांत दुसरं काही नव्हतंच. मी लिहिलेलंच नव्हतं.

१० ऑगस्ट

आज सेशन झीरो होतं. कॅरेक्टर ठरवणं, टेबलावर काय चालेल आणि काय नको ते बोलणं. मी सगळं सांगितलं: शीव, हाकललेल्या पीडा, मधल्या धुऱ्यातले राक्षस, आणि गावाच्या रक्षणाला निघालेले तुम्ही चौघं. वहिनी आणि मैत्रीण खूश. भाच्याला तराजूवाली महागाई फार आवडली.

मित्र गप्प होता. नकाशा स्वतःकडे वळवून बघत होता. मग म्हणाला, "मले एक सांग. या शिवेबाहेर माणसं राहतात का नाही?"

मी म्हटलं, नाही, तिथे फक्त पीडा.

"आमच्या आजोबाचं घर गावाबाहेरच होतं," तो म्हणाला. "गावानं शिवेबाहेर फक्त खोकला नाही ना ठेवला."

कुणी काही बोललं नाही. त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्यानंच पुढे सांगितलं की आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, चालत आले होते, आणि त्या दिवसाबद्दल बोलताना ते नेहमी पायांपासून सुरुवात करायचे, पाय किती सुजले होते ते. "मले खेळायचंच आहे," तो म्हणाला. "पण हा नकाशा गावात बसून काढलेला आहे."

बरोबर आहे त्याचं. मी या शहरात वाढले. दसऱ्याला लाखो लोक निळ्या झेंड्यांसह येतात, ते दरवर्षी बघते. आणि तरी गावकुसाबाहेर राक्षस ठेवताना माझा हात अडला नाही. याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं आहे. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "मग बदल ना. वही तुझीच आहे."

१२ ऑगस्ट

काही लिहिलं नाही. नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला.

१५ ऑगस्ट

सुट्टी. नवा कागद.

या वेळी खांब नाही. सुरुवात मधल्या धुऱ्यापासून केली. तिथे कोण राहतं, पाणी कुठून आणतात, चूल कशाची, पोरं काय खेळतात. गावं कडेला आली, तुकड्यातुकड्यांत, कारण धुऱ्यावरून गाव जेवढं दिसतं तेवढंच काढायचं: वेस, पाळीवरची झाडं, धूर. अंतरं आता वर्तुळांपासून मोजायची. बाबांनी शिवेचे दगड बसवून दिले. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे त्यांचा हात जास्त वेळ थांबत होता.

धुऱ्यावर राहणारे लोक पीडांसोबत राहायला शिकले आहेत. त्यांच्यातले काही उतरवणारे. पीडेला वर्तुळात न्यायचं, तिचं म्हणणं ऐकायचं, ती ज्या गावची त्या गावाच्या वेशीपर्यंत पोचवायची आणि गावाला तिचा इलाज करायला लावायचा. इलाज झाला की भार उतरतो. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. चारही खेळाडू उतरवणारे, धुऱ्यावर जन्मलेले.

एक गोष्ट पक्की ठरवून मित्राला दाखवली: धुऱ्यावरचा माणूस कधीही पीडा म्हणून मोजला जाणार नाही. गावातले लोक तसं म्हणतील, नियम म्हणणार नाहीत. भार फक्त पीडेला. आणि धुऱ्यावरच्यांच्या वाट्याला फक्त दुःख द्यायचं नाही. त्यांची लग्नं, जेवणावळी, गाणी, भांडणं, सगळं हवं. यातला बराचसा भाग तोच लिहितो आहे. चार पानं आणून दिली. पहिलंच वाक्य, "आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी देतात."

२३ ऑगस्ट, मारबत

इतवारीत जाऊन आले. गर्दीत खांद्यावर पोरं, कुणी पिवळ्या मारबतीला हात जोडतंय, कुणी लेकराला तिच्यापुढे धरतंय. डोळ्यात भीती नाही, मागणं आहे. हे मला जगात हवंय. बडग्यांच्या पेठेतले लोक दुष्ट नाहीत. पोर आजारी असलेला माणूस जे करेल ते ते करतात. दरवाजावरच्या पहारेकऱ्याचं वाक्य तिथेच सुचलं, घरी येऊन लिहून टाकलं.

३१ ऑगस्ट

छपाईच्या दुकानातून नकाशा आणला, तर प्रिंट 'कागदात बसवा'वर निघालेली. षटकोन दोन सेंटिमीटरचा हवा तो पावणेदोनचा. सोंगट्या बसत नाहीत. पुन्हा काढावा लागेल. आजपासून तीन दिवस घरी महालक्ष्म्या, काहीच होणार नाही.

७ सप्टेंबर

पहिली पीडा ठरली: रातमोहीचा खोकला, तीस वर्षांपूर्वी हाकललेला, भार ७.

इलाज काय हे वहिनींना विचारलं. "अहो ताई, दोन आठवड्यांवर गेलेला खोकला म्हणजे आधी थुंकी तपासायची," असं सुरू झालं ते तासभर. टीबी असेल तर साधारण सहा महिने औषध, एकही दिवस न चुकवता. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि लोक तिथेच सोडतात. मग तो औषधाला न जुमानणारा होऊन परततो. मी लिहून घेत होते आणि अंगावर काटा येत होता, कारण मला हवा होता तो नियम हाच होता.

एका कागदावर १८० चौकोन आखले. खेळातल्या प्रत्येक दिवसाला एक फुली. सलग फुल्या झाल्या तर साठाव्या चौकोनापाशी भार ३ वर येतो आणि पीडा शांत दिसते. त्यानंतर कुणी थांबलं, तर भार ९. दोन फाशांवर छत्तीसपैकी तीस. खेळाडूंना हे आधी सांगणार नाही. वहिनींना माहीत आहे, पण त्यांचं कॅरेक्टर वाट दाखवणारीचं आहे, वैद्याचं नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, "मी गप्प बसेन."

१४ सप्टेंबर

दुपारी दोनला बसलो, सातला उठलो.

पहिले दोन तास धुऱ्यावरच्या लग्नात गेले. मित्रानं लिहिलेली पंगत, मैत्रिणीनं तिथल्या तिथे रचलेला उखाणा. मग खोकला सापडला, वर्तुळात बोलला. मी त्याला म्हाताऱ्या शिक्षकाचा आवाज दिला, मध्येमध्ये थांबणारा. कोणत्या घरातून निघाला ते त्यानं सांगितलं, घरातल्या मुलीचं नाव सांगितलं. भाच्यानं फासे हातात घेतले होते, ते खाली ठेवले. लढायचं नाही हे त्यानंच ठरवलं.

तीन दिवसांची वाट, काळवट, चाल निम्मी. रातमोहीची वेस आली तेव्हा रात्र होती आणि रातमोहाची फुलं गळत होती. पहारेकरी वरून म्हणाला, "माझ्या घरात लहान पोर आहे. त्याला आत आणू नका." हे ते इतवारीतलं वाक्य.

मैत्रिणीनं पर्स्युएशनचा, म्हणजे मन वळवण्याचा, फासा टाकला, चारच आला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, गप्प. मित्रानं आपली सोंगटी वेशीच्या दगडापाशी सरकवली. "मी इथेच बसतो," तो म्हणाला. "आत येत नाही. औषध बाहेर आणा."

मी पहारेकऱ्यासाठी फासे टाकले. नऊ. थोडा वेळ थांबून मी सांगितलं की वेशीचं लहान दार उघडलं, आणि एक वाटी बाहेर आली.

भाच्यानं पेन्सिल घेतली आणि पहिल्या चौकोनावर फुली मारली. पुढचं सेशन २१ ला. वहिनींना ड्यूटी लागली तर २८ ला.